जवळ्याचं चॉकलेट

डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून बुधाजी चोरूनच खात असे. तुळशी होती तोवर ती पकडायची. "आ करा" म्हणायची आणि जीभ बघून काय खाल्लं ते सांगायची. ती जाऊन वर्ष झालं. आता पकडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चोरीतली निम्मी गोडी गेली होती. पण हात सवयीनं जायचाच.

त्या रविवारी सकाळी धाकटी सून विनिता बाग बघायला येणाऱ्यांसाठी फाटकावर पाटी टांगायला गेली, तसा बुधाजी स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर दोन ताटं झाकून ठेवली होती. एका ताटात उन्हाळ्यातल्या मालाच्या चॉकलेटच्या वड्या आणि दुसऱ्यात आता दसऱ्यानंतर केलेल्या नव्या. पाहुण्यांना आधी जुनी द्यायची आणि शेवटी नवी, असं विनितानं ठरवलं होतं. नव्यावर तिचा भारी जीव. म्हणून बुधाजीनं नवीच उचलली.

आधी कडू लागलं. मग गुळाची गोडी आली. इथवर सगळं ठीक होतं. मग घशाकडून नाकात जवळा आला.

बुधाजी चावायचा थांबला. खोटं वाटून त्यानं दुसरी वडी खाल्ली. जवळाच! चांगली खडखडीत वाळलेली बारीक मासळी, कांद्यावर परतायला काढलेली.

"काशे!" त्यानं दबक्या आवाजात हाक मारली. "इकडं ये. हे खा."

काशी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात राहायची. तिनं वडी तोंडात टाकली, चघळली आणि डोळे मिटले. "ब्येस झालाय."

"काय ब्येस झालाय?"

"जवळा."

"अगो, चाकलेट हाय ते!"

काशीनं डोळे उघडले. बुधाजीनं तिच्याकडे रोखून बघितलं. "सुकट कुठं वाळवलीस यंदा?"

"अंगणात. दर साली वाळवतंय तिथंच."

"कशावर?"

काशीनं अंगणाकडे चोरून बघितलं, आणि बुधाजीला सगळं कळलं. पितृपक्ष संपला की आगऱ्याच्या घरात वर्षाच्या सुकटीला ऊन दाखवतात, नाही तर कीड लागते. तुळशी दाखवायची, आता काशी दाखवते. त्याच दिवसांत विनितानं कोकोच्या बिया जाळीच्या चौकटींवर वाळत घातल्या होत्या. दोन चौकटी रिकाम्या दिसल्या. काशीनं त्यावर जवळा पसरला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हणून तिनं बिया आणि जवळा एकत्र ओढून वर एकच ताडपत्री टाकली. रात्रभर दोघं एका पांघरुणात झोपली. कोकोची बी शेजारचा वास पिऊन घेते. म्हणून विनिता त्या अंगणात उदबत्तीसुद्धा लावू देत नसे.

"मना काय म्हाईत?" काशी म्हणाली. "देवाला जवळा चालत नाय ते म्हाईत हाय. चाकलेटला चालत नाय असं कुणी सांगलं कधी?"

"आणि विनिताला वास कसा नाय आला?"

"आठ दिस झाले, नाक बंद हाय पोरीचं. काल मी मिरच्या भाजल्या, तरी नुसती बघत उभी."

बुधाजी पाटावर बसला. दुसरा कुठला रविवार असता तर त्यानं मांडीवर थाप मारून हसून घेतलं असतं. पण आज उल्हासनगरचा हरेश शेठ येणार होता. मिठाईचं आणि सुक्या मेव्याचं मोठं दुकान. त्याला दिवाळीच्या डब्यांत घालायला चॉकलेट हवं होतं. आणि दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाल्यावर घरात जे भांडण झालं, ते बुधाजीनंच या शेठवर आणून मिटवलं होतं. थोरला धर्मेश म्हणत होता, चामटोलीची ही बाग बिल्डरला देऊन टाका. सोनिवलीत बघा, टॉवर उभे राहिले, आपण अजून शेंगा फोडतोय. धाकटा जितेश आणि विनिता म्हणत होते, नाही. शेवटी बुधाजी बोलला होता, "शेठनं माल घेतला तर बाग राहील. नाय घेतला तर सोमवारी मी सही करतो." आज रविवार होता.

"विनिताला सांगूया?" काशीनं विचारलं.

"सांगितलं तर ती रडेल नाय तर पाहुण्यांना परत पाठवेल. त्यापेक्षा हे ताटच गायब कर."

काशीनं ताट उचललं आणि तांदळाच्या पिंपात ठेवून वर झाकण दाबलं. वळली तर दारात धर्मेश उभा. अंबरनाथ पूर्वेहून सकाळीच आला होता. पांढराशुभ्र शर्ट, हातात गाडीची चावी. जमिनीचे व्यवहार करायला लागल्यापासून तो पांढऱ्याशिवाय दुसरं काही घालत नसे.

"आत्या, पिंपात काय लपवतेस?"

"काय नाय रं बाला. तांदूळ."

धर्मेशनं झाकण काढलं, वडी घेतली, खाल्ली. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग भुवया वर गेल्या. मग तो हळूहळू इतका खूश झाला की बुधाजीला त्याचं बालपण आठवलं. शेजारच्यांची कोंबडी आपल्या आवारात अंडं घालून गेली की तो असाच हसायचा.

"जवळा!" तो म्हणाला. "आणि शेठ तर कांदा-लसूणसुद्धा खात नाही म्हणे. बाबा, पेन घेऊन ठेवा."

"धर्मेश, तू काय बोलणार नायस."

"मी कशाला बोलू? मी तोंड उघडणार नाही, हात लावणार नाही. मी खुर्ची टाकून बसणार फक्त."

आणि खरंच त्यानं व्हरांड्यात खुर्ची टाकली.

पाहुणे दहाच्या सुमाराला आले. सोनिवलीच्या नव्या टॉवरमधलं एक कुटुंब, बदलापूरच्या तीन कॉलेजच्या मुली, आणि आपल्या गाडीतून हरेश शेठ. गोल चेहरा, कपाळावर टिळा, खिशातून लाल रुमाल डोकावत होता. फाटकातून आत येताच त्यानं हात जोडले आणि झाडांकडे बघितलं.

"साईं, हे सगळं चॉकलेट?"

"चाकलेट मागून होतं," बुधाजी म्हणाला. "आधी झाड असतं."

बाग फिरवायचं काम त्याचं. बोलायचं काम विनिताचं, पण आज तिचा आवाज घोगरा होता, त्यामुळे तोही बोलू लागला. नारळांच्या सावलीत कोकोची झाडं उभी होती. शेंगा फांदीला नाहीत, थेट खोडाला लटकलेल्या. त्या बघून मुलींनी फोन काढले.

"ही झाडं माझ्या बायकोनं आणली," बुधाजीनं सांगितलं. "बचत गटाची सहल गेली होती, कुणाच्या तरी नारळाच्या बागेत. बाकीच्या बायका कोकम घेऊन आल्या. ही रोपं घेऊन आली. एसटीत मांडीवर धरून. गावात सगळे हसले. मी पण हसलो. म्हटलं, चाकलेटचं झाड आणलंस, आता पेपरमिंटचं कधी आणणार? ती म्हणाली, खड्डे खणा."

"मग?" एका मुलीनं विचारलं.

"मग काय! खणले."

दर वेळी तो इथवर सांगायचा आणि थांबायचा. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं दोन शेंगा तोडल्या आणि एकीवर एक आपटून फोडल्या, तुळशी फोडायची तशा. सुरी लावली तर बी कापते. आतला पांढरा गर त्यानं पाहुण्यांच्या हातावर ठेवला. शेठनं एक बी चोखली आणि डोळे मोठे केले.

"अरे, हे तर सीताफळाचं भावंड!"

बुधाजीला आज वेळ काढायचा होता. जेवढं बागेत फिरवू तेवढा शेठ दमेल, जेवढा दमेल तेवढं कमी चाखेल, असा त्याचा हिशोब. त्यानं लाकडी पेटी उघडली. केळीच्या पानांखाली बिया आंबत होत्या. शेठला त्यानं हात घालायला लावला.

"गरम आहे!"

"ताप आलाय तिला. सहा दिवस असाच राहतो. मग वाळवायचं, भाजायचं, सुपानं पाखडायचं, इडलीच्या पिठाच्या मशीनमध्ये दोन दिवस वाटायचं."

"वाळवता कुठे?" शेठनं सहज विचारलं.

काशीला जोराचा खोकला आला.

"उन्हात," बुधाजी म्हणाला. "चला, विहीर दाखवतो."

विहिरीवरून परत येताना शेठ व्हरांड्यापाशी थांबला. धर्मेशची गाडी बघितली, धर्मेशचा शर्ट बघितला. "हे मोठे चिरंजीव?"

"हो."

"भाऊ, एक बात बोलू? वाईट नका वाटून घेऊ. इकडे बदलापूरपर्यंत ज्याला बघावं त्यानं जमीन विकली, गाडी घेतली, सोन्याची चेन घेतली. माझ्या दुकानात मिठाई घ्यायला येतात, पाच-पाच डबे. मला वाटायचं, या लोकांना विकण्याशिवाय काही येत नाही. तुम्ही लोकांनी अजून ठेवली. मानलं."

धर्मेशनं चेन कॉलरच्या आत सारली. "बसा शेठ," एवढंच तो म्हणाला. पण खुर्चीत तो आता टेकून बसला नव्हता, हे बुधाजीनं बघितलं.

चाखायला सगळे व्हरांड्यात बसले. विनितानं उन्हाळ्यातल्या मालाचं ताट फिरवलं. "आधी बघायचं, मग मोडायचं, आवाज ऐकायचा. मग नाकाशी धरायचं. लगेच चावायचं नाही. जिभेवर ठेवून थांबायचं." टॉवरमधल्या वहिनींनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या नवऱ्यानं चावून गिळून टाकलं आणि दुसरी मागितली. शेठ मात्र थांबला. बराच वेळ थांबला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. पण बेटा, चांगलं तर सगळेच आणून देतात. डबा उघडल्यावर माणसानं विचारलं पाहिजे, हे कुठून आणलं? असं काही आहे?"

विनिताचा चेहरा पडला. मग उजळला. "आहे ना! नवा माल आहे. जितेश, ओट्यावरचं दुसरं ताट आण."

"ते नाय गो," काशी घाईनं म्हणाली. "त्याला उंदरानं तोंड लावलं."

"उंदरानं? कधी?"

"मघाशी."

"काय आत्या," आतून जितेशचा आवाज आला. कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "पिंपात ठेवलंय की! झाकण लावून. उंदीर झाकण लावतो काय?" आणि हसत हसत ताट घेऊन तो बाहेर आला.

बुधाजीनं धर्मेशकडे बघितलं. धर्मेश जमिनीकडे बघत होता. आता त्याला काहीच करायचं नव्हतं. शेठ वडी उचलणार, नाकाशी धरणार, आणि उद्या सही. विनितानं ताट शेठसमोर धरलं. "सासूबाई होत्या तोवर त्यांनी लावलेल्या झाडांचा माल आम्ही असाच खाऊन संपवायचो. हा त्यांच्या वर्षश्राद्धानंतरचा पहिला. माझ्या मते सगळ्यात चांगला झालाय."

शेठनं वडी उचलली.

धर्मेश उठला. खुर्ची मागे पडली. त्यानं शेठच्या बोटांतून वडी काढून घेतली, दुसऱ्या हातानं ताट ओढलं, आणि वडी आपल्याच तोंडात टाकली.

"अरे!" शेठ म्हणाला. "ये क्या?"

"ही नाही, शेठ." धर्मेश चावत होता. "ही घरची. विकायची नाही."

"विकायची नाही तर ताटात कशाला?"

"चुकून आली. वर्ष झालं ना आईला. वर्षश्राद्धानंतरचा पहिला माल घरच्यांनीच संपवायचा. तसं असतं आमच्यात."

असलं काही त्यांच्यात नव्हतं. बुधाजीला चांगलं माहीत होतं. पण आता बोललं गेलं होतं आणि पाहुणे गंभीर झाले होते. कॉलेजच्या मुलींनी फोन खाली घेतले.

"मग खा ना," शेठ हात जोडून म्हणाला. "आमच्यासमोर खा. आम्ही बघतो. पुण्य लागेल."

धर्मेशनं ताटाकडे बघितलं. ताट भरलेलं होतं. मग त्यानं सगळ्या घराकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा तो कोंबडीच्या अंड्याचा आनंद आला.

"आत्या, घे. तू दोन घे. तूच राबलीस यंदा. बाबा, आ करा. जितेश, ये रे."

काशीनं दोन घेतल्या आणि मुकाट्यानं खाल्ल्या. तिला तर त्या आवडतच होत्या. जितेशनं वडी टाकली, चावली, आणि तो थांबला. "अरे, ह्याच्यात ज—" काशीनं त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचं अक्षर घशात गेलं. "ज... जबरदस्त," तो म्हणाला. विनितानं बंद नाकानं शांतपणे खाल्ली आणि मान डोलावली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? किती वेगळी लागते!"

बुधाजीनं आ केला. मुलानं वडी जिभेवर ठेवली. "आ करा" म्हणणारं घरात आता कुणी नाही, असं तो वर्षभर धरून चालला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जवळ्यानं आलं की कशानं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. टॉवरमधल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

शेठनं ताटाला हात लावून नमस्कार केला. मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला.

"यंदाचं समजलं," तो म्हणाला. "यंदाचा तुमच्या मातोश्रींचा. पण पुढच्या साली तर विकाल? मी साठ वर्षांचा झालो, माझ्या हातातून कुणी घास काढून घेतला नव्हता. त्याच्यात काहीतरी आहे. पुढच्या साली तो माल माझा. दुसऱ्याला नाही. ही जबान द्या, मग या दिवाळीचे डबे पण तुमचे. जे आम्ही आधी खाल्लं, तेच भरा."

सगळे धर्मेशकडे बघू लागले. त्यानं एवढंच म्हणायचं बाकी होतं, की शेठ, पुढच्या साली बाग नसेल. खरं होतं ते. त्याच्यासाठीच तो आला होता. बिल्डरशी उद्याची वेळ ठरली होती, कागद गाडीत होते. बुधाजी मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. दसऱ्याला तो बोलून चुकला होता. आता पोरगा काय बोलतो ते ऐकायचं.

"देऊ की," धर्मेश म्हणाला.

"जबान?"

"जबान."

शेठनं त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "आता झाड दाखवा. कुठल्या झाडाचा हा माल?"

हा प्रश्न धर्मेशला अपेक्षित नव्हता. बाग विकायच्या नकाशात त्याला चारही कोपरे पाठ होते, पण झाडं त्याच्या ओळखीची नव्हती. आईला नेल्यापासून तो आत गेलाच नव्हता. आता पायऱ्या उतरून तो नारळांखाली शिरला, मागून शेठ, मागून सगळी वरात. चार झाडं ओलांडली आणि पाचव्यावर त्यानं हात ठेवला. "हे."

शेठनं खोडाभोवती फिरून बघितलं. "याला तर एक पण फळ नाही."

"मग काय झाडभर लागणार, शेठ? म्हणून तर विकत नाही ना आम्ही."

शेठ खूश झाला. खिशातला लाल रुमाल काढून त्यानं खोडाला घट्ट गाठ मारली. "हे बुक," तो म्हणाला. "उल्हासनगरमध्ये रुमाल टाकला की ती वस्तू त्याची. तुमच्याकडे पण चालतं ना?"

"चालतं," बुधाजी म्हणाला. मघापासून आवरलेलं हसू त्यानं धोतराच्या सोग्यात पुसलं.

पाहुणे गेले, मग जितेशनं विनिताला सांगितलं. ती पायरीवर बसली. आता रडते की काय असं वाटलं. पण तिला हसू फुटलं, आणि हसता हसता आठ दिवसांचं नाक मोकळं झालं. तिनं हात नाकाशी नेला आणि हुंगला. "ईऽऽ! आत्या!" काशी तोवर मागच्या दारानं पसार झाली होती.

धर्मेश नळावर चूळ भरत होता. एक झाली, दोन झाल्या. बुधाजी त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"गप बसायचं ठरलं होतं ना तुझं?"

"घरात काय पण बोलू, बाबा." धर्मेशनं तोंड पुसलं. "तुम्हाला मूर्ख म्हणू, जितेशला आळशी म्हणू. पण बाहेरच्या माणसानं आईचं चॉकलेट थुंकलं असतं. माझ्यासमोर. ते मी खुर्चीत बसून बघू?"

बुधाजीनं खुणेनं त्याला बागेकडे वळवलं. दोघं चालत रुमाल बांधलेल्या झाडापाशी आले. धर्मेशनं वर बघितलं, खाली बघितलं.

"याला किती येतात शेंगा?"

"आजवर एक नाय आली."

"काय?"

"फुलं येतात, गळून जातात. एवढ्या झाडांतलं हेच एक वांझ. तू बरोबर शोधून काढलंस. तुझी आई दर साली म्हणायची, हे तोडूया. आणि दर साली त्यालाच जास्त पाणी घालायची."

धर्मेश कपाळाला हात लावून उभा राहिला. "मी जबान दिली त्याला."

"ऐकलं सगळ्यांनी."

"मग आता काय करायचं?"

"शेणखत घाल. ढीग विहिरीमागं हाय. पाटी तिथंच पडलीय."

"आज?"

"तुझी दिवाळी पुढच्या साली. झाडाला खत आजपासून लागेल."

धर्मेशनं आपल्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. मग बाह्या दुमडल्या आणि गेला. बुधाजी नारळाच्या बुंध्याला टेकून बसला. पहिली पाटी आली, पडली. खत हातानं पसरावं लागतं हे त्याला सांगावं लागलं. दुसऱ्या पाटीच्या वेळी खिशातला फोन वाजला. हात भरलेले होते, म्हणून मागून आलेल्या जितेशनं तो काढून दादाच्या कानाशी धरला.

"हां साहेब," धर्मेश म्हणाला. "नाही, उद्या नका येऊ... नाही, परवा पण नाही... काय झालं म्हणजे? काही नाही झालं. मी खत घालतोय."